चिंबोऱ्यासाठी गोडं पाणी

आत्या,

आज सकाळी मी पारसिकच्या डोंगराखालच्या विहिरीवर पाणी आणायला गेलो होतो. एकटाच, तुझी ती पोचा आलेली कळशी घेऊन. विहिरीवरच्या बायका माझ्याकडे बघून हसायला लागल्या. "कालेजात आथा पानी भरायला पन शिकवतात वाटतं," एक म्हणाली. दुसरीने विचारलं, "कोनासाठी नेतस रे?" मी खरं तेच सांगितलं, "कुत्र्यासाठी." मग त्या हसायच्या थांबल्या. त्यांना तू आठवली असणार. आपल्या अख्ख्या गावात कुत्र्यासाठी गोडं पाणी वाहून आणणारी तू एकटीच होतीस.

मला असं काही लिहायची सवय नाही. कॉलेजात निबंध लिहितो, पण त्याला विषय ठरवून दिलेला असतो. आमचे मराठीचे सर म्हणाले, गेलेल्या माणसावर लिहायचं तर आधी जन्म, शिक्षण, कार्य यांची टिपणं काढावीत. मी वही उघडली. तुझा जन्म कधीचा, ते बाबांनाही ठाऊक नाही. शिक्षण नाही. कार्य म्हणजे मीठ. तीन ओळींत टिपणं संपली आणि मी वही मिटली. मला त्यातलं काहीच लिहायचं नव्हतं. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, ती दोन वर्षांपूर्वीच सांगायला हवी होती. पण थेट तिथे जायला माझं मन धजत नाही, म्हणून चिंबोऱ्यापासून सुरुवात करतो.

तो आला तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. पौष महिना होता. वहिनी बाळंतपणाला तिच्या माहेरी, मानपाड्याला गेली होती. तिला मुलगी झाली म्हणून दादा बघायला गेला आणि येताना टोपलीतून हे पिल्लू घेऊन आला. वहिनीच्या वडिलांनी नातीला सोबती म्हणून पाठवलं होतं. पांढरं, कानांवर तपकिरी डाग, पोट गोल. टोपलीवरचं फडकं काढल्याबरोबर त्याने दादाच्या अंगठ्याला दात लावले आणि सोडेचना. तू वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "कुत्रा नाय ह्यो, चिंबोरा हाय." खाडीतल्या खेकड्याचं नाव त्याला तिथेच चिकटलं. मी त्याचं नाव टायगर ठेवणार होतो, ते मनातच राहिलं.

पहिले दोन दिवस आम्हाला गंमत वाटली. मग वाटेनाशी झाली. संध्याकाळी आई, बाबा आणि दादा मिठागरावरून परत यायचे, तेव्हा तो अंगणातून सुटायचा तो थेट त्यांच्या पायांवर. चाटायचा, मग दात लावायचा, मग लुगड्याला लोंबकळायचा. ओरडलं की त्याला आणखी चेव यायचा. घरभर पळायचा, चुलीपाशी, बाजेवर, भांड्यांतून. त्याचे डोळे तेव्हा काही वेगळेच व्हायचे, जणू आपण त्याला दिसतच नव्हतो. आईच्या घोट्यावर एकदा रक्त आलं. त्या संध्याकाळी बाबा जेवता जेवता म्हणाले, "पोर घरी येयाच्या आदी ह्याचा तोंड आवरला तर ठीक. नाय तर होडीत घालून खाडीपल्याड सोडून येईन. व्याह्यांना काय सांगायचं ते सांगू."

बाबा एकदा बोलले की बोलले. वहिनी होळीच्या सुमाराला येणार होती. म्हणजे आपल्या हातात जेमतेम दोन महिने होते.

मी म्हणालो, मी शिकवतो त्याला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. घरातला पहिला कॉलेजात जाणारा म्हणून त्या काळात मी काहीही म्हणालो तरी सगळे असंच बघायचे. मुंबईत फुटपाथवर मला एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, कुत्रे कसे पाळावेत याचं, कुठल्याशा साहेबाने लिहिलेलं. शब्दकोश घेऊन मी त्याची आठ पानं लावली. त्या साहेबाच्या घरी कुत्र्याला वेगळी खोली होती, गालिचा होता, आणि चावलं की वर्तमानपत्राची सुरळी करून जमिनीवर आपटावी, आवाज कडक ठेवावा, असं लिहिलं होतं. आपल्याकडे गालिचा नव्हता. सुरळी मात्र करता येत होती.

मी सुरळी आपटली. चिंबोरा दोन पावलं मागे सरकला, मान वाकडी केली, आणि झेप घेऊन सुरळीच धरली. मी ओढली, त्याने ओढली. मी ओरडलो, तो गुरगुरला. पाच मिनिटांत घरभर कागदाचे कपटे आणि माझ्या मनगटावर चार दातांची रांग. तू बाजेवर बसून मिश्री लावत होतीस.

"झाला शिकवून?" तू विचारलंस.

"हसू नकोस. पुस्तकात लिहिलंय."

"त्याला वाचता येतं काय?"

मला तेव्हा राग आला. मी म्हणालो, "तुला तरी कुठे येतं?" तू तोंड धुवायला उठून गेलीस. हे वाक्य मी नंतर कधी परत घेतलं नाही. पण मी म्हणतो ती गोष्ट ही नव्हे.

तुझी रीत मला आधी कळलीच नाही, कारण तू काही करतेस असं दिसायचंच नाही. तो अंगावर आला की तू दोन्ही हात काखेत घालायचीस, तोंड भिंतीकडे वळवायचीस आणि खांबासारखी उभी राहायचीस. त्याला हाक नाही, शिवी नाही, बघणं नाही. तो उड्या मारायचा, पदर ओढायचा, भुंकायचा. तू खांबच. मग कधीतरी त्याचे चारी पाय जमिनीवर टेकायचे. तेव्हा, आणि तेव्हाच, तू हळूच वळून त्याच्या मानेवरून हात फिरवायचीस, आणि पाण्यात भिजवलेलं नारळाचं सोडण त्याच्या पुढ्यात टाकायचीस. "ह्ये चाव. ह्ये तुजा. मी तुजी नाय." तो सोडण घेऊन बाजेखाली जायचा आणि धागान् धागा सुटा करत बसायचा.

"यात शिकवणं कुठे आलं?" मी म्हणायचो.

"कोन शिकवतं? मी थांबते."

"पण त्याला चूक कळायला नको का?"

"तो चवताललेला असतो तवा त्याला आपला नाव पन कलत नाय. चूक कशी कलेल? आदी त्याला खाली उतरू दे. मग सांग काय सांगायचा ते."

या गोष्टीवर आपण किती भांडलो. मी म्हणायचो, शिक्षा झाल्याशिवाय कोणी शिकत नाही, मी शाळेत मार खाऊनच शिकलो. तू म्हणायचीस, "मार खाऊन तू शालेत जायाचा बंद केलेलास. बाबा तुला शोधत मिठाच्या राशीमागं आलेला. आठवतं?" आठवत होतं. त्या वेळी राशीमागे माझ्याशेजारी येऊन बसली होतीस ती तू. काही न विचारता अर्धा दिवस बसून होतीस. समोर पांढऱ्या राशींची रांग, त्यांच्यावर ऊन, आणि उन्हात हवा पाण्यासारखी हलत होती. संध्याकाळी मीच म्हणालो होतो, "उद्या जातो." हा मुद्दा मी वादात कधी मान्य केला नाही. तुझ्याशी वाद घालताना मी पुस्तकातल्यासारखं बोलायचो आणि तू आठवण काढायचीस, म्हणून तो वाद कधी संपलाच नाही.

पायांची गोष्टही तूच ओळखलीस. एका दुपारी तू मला जवळ बोलावून म्हणालीस, "बघ, ह्यो तुला दुपारचा चावत नाय. सांजेला सगल्यांना चावतो. का?" मी म्हणालो, सगळे आले म्हणून खूश होतो. तू मान हलवलीस. चिंबोऱ्याला उचलून तू त्याची जीभ तुझ्या तळपायाला लागू दिलीस. तुझ्या पायांच्या भेगांत मीठ कायमचं बसलेलं होतं. तो चाटत राहिला, चाटत राहिला, आणि मग हळूहळू त्याचे डोळे तसे वेगळे व्हायला लागले आणि त्याने दात लावले. तू पाय हलवला नाहीस. नुसती म्हणालीस, "मिठाला लागलाय. आपनच मीठ घेऊन घरात येतो आनि त्यालाच मारतो."

इतकी वर्षं आपण मिठात राहतो, पण हे आपल्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. संध्याकाळी सगळे मिठागराजवळच्याच पाण्याने पाय धुऊन यायचे. ते पाणी खारं. पाय वाळले की पुन्हा मीठ वर यायचं.

दुसऱ्या दिवसापासून तू उंबऱ्याजवळ एक मडकं ठेवलंस आणि त्यात विहिरीचं गोडं पाणी. जो येईल त्याने पाय त्या पाण्याने धुवायचे, मगच आत. आई भडकली. "प्यायला पानी डोंगराखालून आनायचं, आनि कुत्र्यासाठी पाय धुवायचे? उद्या त्याला अत्तर लावाल!" तू म्हणालीस, "तुज्या वाटचा मी आनते." आणि खरंच, रोजची एक जास्तीची खेप तू करू लागलीस. त्या वयात. बाबांनी आधी खाकरून घेतलं, मग मुकाट एक पाय पुढे केला. मिठागरावरचे मुकादम ते, म्हणून तू त्यांना "मुकादम, तो पन पाय" असं म्हणून दुसरा पाय पुढे करायला लावलास. बाबा हसले. त्या दोन महिन्यांत ते हसलेले मला तेवढेच आठवतात.

एका रविवारी तू मला आणि चिंबोऱ्याला मिठागरावर घेऊन गेलीस. मीठ पिकवायच्या एका वाफ्याचा तळ घट्ट करायचा राहिला होता, तो तुडवायचं काम चाललं होतं. सात-आठ माणसं एका रांगेत, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, ओल्या चिखलावर पावलं टाकत होती. सगळ्यांची पावलं बरोबर. पुढे नाही, मागे नाही, जागच्या जागी थोडंथोडं सरकत. तू रांगेत शिरलीस. मला म्हणालीस, "ये. जोरात नको. आपटलास तर चिखल उडतो, बसत नाय." मी कॉलेजची विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. सुरुवातीला मला लाज वाटली, मग वाटेनाशी झाली. कुणी गात नव्हतं, पण सगळ्यांच्या श्वासांचाच एक सूर लागला होता. खाडीचं पाणी भरतीला येत होतं. त्याच्या पलीकडे ठाणं धुरकट, कुणी पुसून टाकल्यासारखं. किती वेळ गेला कोण जाणे. मी खाली बघितलं तेव्हा चिंबोरा बांधावर, पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून, आपणा सगळ्यांच्या पावलांकडे बघत पडला होता. डोळे मिटत होते, उघडत होते, मिटत होते. मी त्याला तोपर्यंत जागेपणी इतकं शांत कधीच पाहिलं नव्हतं. स्वतःलाही नव्हतं पाहिलं. मला अजून कधीकधी वर्गात, सर काही शिकवत असताना, पायांखाली तो गार चिखल जाणवतो.

परत येताना तू म्हणालीस, "चढवतो त्याला तूच. मी नाय, आये नाय, बाबा नाय. तूच."

"मी? मी तर त्याला शिकवतो."

"कालेजातून येतस, दारातूनच ओरडतस, टाल्या मारतस, त्याला नाचवतस. मग तो नाचला की शिकवतस."

मी दुमडलेली विजार खाली सोडली. मग म्हणालो, "मग मी यायचंच नाही का घरी?" तू थांबलीस. "यायचा. हलूच यायचा."

आत्या, मी ते ऐकलं नाही. म्हणजे तुझ्यासमोर हळू यायचो. तू विहिरीवर गेलीस की त्याच्याशी दंगा करायचो. मला एक खेळ साधला होता. मी लांबून टाळी वाजवायची, त्याने धावत यायचं आणि माझ्यापुढे बसायचं. दहातल्या सहा वेळा तो बसायचा. उरलेल्या चार वेळा चावायचा. मी सहाच मोजायचो. वहिनीच्या माहेरी निरोप गेला तेव्हा मी दादाकडून मुद्दाम सांगून पाठवलं की पिल्लू आता माझ्या टाळीवर बसतं.

होळीच्या आधी दोन दिवस वहिनी बाळीला घेऊन आली. अंगणात अर्धं गाव. आई भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी. तू सवाष्ण नव्हतीस, म्हणून तू उंबऱ्यावर नव्हतीस. तू आतल्या दाराशी जमिनीवर बसली होतीस, चिंबोऱ्याला मांडीवर घेऊन, त्याच्या तोंडात सोडण देऊन, पदराने त्याचे डोळे अर्धे झाकून. सकाळीच तू सगळ्यांना बजावलं होतंस, "मोठ्यानं कोनी बोलायचा नाय. आदी पाय धुवायचे. त्याच्याकडं कोनी बघायचा नाय. पोर आत येऊन निजली की मग त्याला वास घेऊ देऊ." बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. "लेकराचं बारसं का कुत्र्याचं?" पण सगळ्यांनी पाय धुतले होते. वहिनीनेसुद्धा. बाबा ओटीवर उभे होते. त्यांची नजर तुझ्या मांडीवर होती.

आईने वहिनीवरून आणि बाळीवरून भाकरतुकडा ओवाळला आणि बाजूला टाकला. पाणी ओतलं. वहिनीने उजवं पाऊल आत टाकलं. सगळं तू म्हणालीस तसंच होत होतं. चिंबोरा तुझ्या मांडीवर सैल पडला होता. वहिनी माझ्याकडे बघून हसली आणि हळूच म्हणाली, "हाच का भावजी, तुमचा शिकलेला?"

मी टाळी वाजवली.

एकच. लहानशी. मला वाटलं, तो उठेल, येईल, माझ्यासमोर बसेल आणि सगळे बघतील. त्या गर्दीत, बोलण्यात आणि बांगड्यांच्या आवाजात कुणाला ती वेगळी ऐकूही गेली नसेल. चिंबोऱ्याला गेली. तो तुझ्या मांडीवरून सुटला. माझ्या आणि त्याच्या मध्ये वहिनी होती, तिच्या हातात बाळी, दुपट्याचं टोक खाली लोंबत होतं. त्याने त्या टोकाकडे झेप घेतली. वहिनी किंचाळली. आणि तुझा हात मध्ये आला. कुठून आला, कसा आला, मला दिसलंच नाही. त्याचे दात तुझ्या हाताच्या पाठीत शिरले.

तू हात ओढला नाहीस. सगळे ओरडत होते, दादाने काठी उचलली होती, आणि तू त्या सगळ्याच्या मधोमध, हात त्याच्या तोंडात तसाच ठेवून, तोंड भिंतीकडे वळवून बसली होतीस. ते किती वेळ चाललं? माझ्या मनात ते अजून चालूच आहे. मग त्याचे जबडे सैल झाले. त्याने हात सोडला, बघितलं, आणि चाटायला लागला.

बाबा आत आले. "सुटला कसा?"

मी माझ्या हातांकडे बघत होतो.

"माज्या मांडीवरून घसरला," तू म्हणालीस. "डोला लागला माजा. त्यानं चावला नाय, माजाच हात मधी आला. पोरीला ओरखडा पन नाय, बघा."

बाबा तुझ्यावर ओरडले. एवढ्या लोकांत. "बाय, एक काम सांगितलेला तुला. एक!" मोठ्या बहिणीवर ते त्याआधी कधी ओरडले नव्हते. तू म्हणालीस, "चुकला माजा. त्याला नको काडू. आनकी आठ दिवस दे." बाबांनी बराच वेळ तुझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "आठ दिवस."

त्या आठ दिवसांत चिंबोरा कुणालाही चावला नाही. नंतरही नाही. तू त्याला बाळीच्या पाळण्याखाली निजवायला शिकवलंस. शिकवलंस म्हणजे तू तिथे बसून राहिलीस. दुपारी पाळण्याची दोरी एका हातात आणि दुसरा, पट्टी बांधलेला हात चिंबोऱ्याच्या पाठीवर. घरात त्या वेळी असं काही पसरायचं की बोलणारा माणूस आपोआप कुजबुजायला लागायचा. मी कॉलेजातून हळू यायला लागलो. पाय धुऊन, आवाज न करता. तुला वाटलं असेल, पोरगा सुधारला. खरं म्हणजे मला तुझ्या हाताकडे बघवत नव्हतं.

हात बरा झाला. पांढरा वण तेवढा राहिला. आणि घरात एक म्हण पडली. दूध उतू गेलं, कोंबडी सुटली, लोटा पडला, की वहिनी किंवा आई हसून म्हणायची, "आत्याच्या मांडीवर होतं वाटतं!" तूही हसायचीस. दोन वर्षं तू हसलीस. दर वेळी माझ्या तोंडात ते वाक्य यायचं आणि दर वेळी मला वाटायचं, आत्ता नको, परीक्षा झाल्यावर. आत्ता नको, सणानंतर. यंदा तुला ताप आला तेव्हा वाटलं, बरी झाली की सांगू. तापात तू माझा हात धरून म्हणालीस, "मडक्यात पानी हाय ना रे?" मी म्हणालो, हो. तेवढंच आपलं शेवटचं बोलणं.

चार दिवसांपूर्वी तुझा दहावा झाला. खाडीच्या काठी, त्या तुडवलेल्या वाफ्याच्या जवळच. चिंबोऱ्याला घरी बांधलं होतं, पण तो दोरी तोडून आला. पिंड ठेवला, सगळे मागे सरकले, कावळे वर घिरट्या घालायला लागले, आणि चिंबोरा त्यांच्यावर धावून जायला लागला. भुंकत, गोल फिरत, कुणालाही न जुमानता. त्याचे डोळे पुन्हा तसे झाले होते, लहानपणचे. कुणी दगड मारला. कुणी म्हणालं, हाकला त्याला. जितकं हाकलावं तितका तो चवताळायचा.

मी कुणाला काही न सांगता बांधावर गेलो आणि पिंडाकडे पाठ करून बसलो. हात काखेत घातले. खाडीकडे बघत राहिलो. ओहोटी होती, चिखल चमकत होता, दूर एक होडी जागच्या जागी तरंगल्यासारखी दिसत होती. तो माझ्याभोवती फिरला, माझी बाही ओढली, कानाशी भुंकला. मी थांबलो. मला तेव्हा दुसरं काही येत नव्हतं, तेवढंच येत होतं. मग त्याचं भुंकणं लांबलं, तुटलं. तो माझ्या मांडीला टेकून बसला. त्याचं अंग थरथरत होतं आणि हळूहळू तेही थांबलं.

पण कावळा येईना. मागून आवाज ऐकू येत होते. दादा म्हणाला, "आत्या, चिंबोऱ्याला आमी बघू." कावळा नाही. बाबा म्हणाले, "बाय, पोरीला शालेत घालू." कावळा नाही. कुणी म्हातारे म्हणाले, "कोनाचा काय राहिला असेल तर बोला रे."

मी मागे वळलो नाही. वळलो असतो तर बोलता आलं नसतं. मी खाडीकडे बघतच म्हणालो, "टाळी मी वाजवलेली. बाळी घरी आली त्या दिवशी. चिंबोरा आत्याच्या मांडीवरून घसरला नाही. मी त्याला बोलावलं."

मागे चिखलात पावलं वाजली. मग बाबा आले आणि माझ्याशेजारी, चिंबोऱ्याच्या पलीकडे, बांधावर बसले. त्यांनीही पाठ तिकडे केली.

"ठाव हाय," ते म्हणाले. "तिनं मना त्याच सांजेला सांगितलेला. मी उठलेलो तुला विचारायला. तिनं हात धरला. म्हनाली, आथा नको, तो आथा भ्यालेला हाय. खाली उतरू दे त्याला. सोता येईल."

आत्या, तेव्हा मला आठवलं की आई आणि वहिनी ती म्हण म्हणायच्या, तेव्हा बाबा एकदाही हसले नव्हते. दोन वर्षं तू मला काही विचारलं नाहीस. माझ्याकडे तसं एकदा बघितलंही नाहीस. मला वाटायचं, तुला कळलं नाही. तू भिंतीकडे तोंड करून उभी होतीस, आणि ते माझ्यासाठी होतं.

मागे कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "शिवला." कावळा कधी उतरला ते मी पाहिलं नाही. मी आणि बाबा आणि चिंबोरा पाठ करून बसलो होतो.

घरी येऊन मी वहिनीलाही सांगितलं. तिने बाळीला उचलून माझ्या मांडीवर दिलं आणि आत गेली. बाळीने माझ्या बोटाला दात लावले. तिला दाढा येताहेत. मी हात काढून घेतला नाही.

आपला वाद मात्र अजून तसाच आहे. शिकवणं कुठे संपतं आणि थांबणं कुठे सुरू होतं, हे मला अजून नीट सांगता येणार नाही. मी बी.ए. झालो तर मास्तर व्हायचं म्हणतो. माझ्या वर्गात पोरं चवताळतील तेव्हा मी काय करीन, कोण जाणे. कदाचित आधी सुरळीच आपटीन. पुस्तकातली आठ पानं अजून पाठ आहेत.

पण आज कळशी आणली आणि मडकं भरलं. संध्याकाळी बाबा मिठागरावरून आले. उंबऱ्याशी थांबले, पाणी दिसलं, माझ्याकडे बघितलं. त्यांनी एक पाय पुढे केला. मी पाणी ओतलं. ते तसेच उभे राहिले, वाट बघत.

मग मी म्हणालो, "मुकादम, तो पण पाय."